नोटर डेमचा फुटबॉल, हंगामामागून हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी नोटर डेम नावाचं कॅथलिक विद्यापीठ आहे. त्याच्या फुटबॉल संघाची हंगामवार नोंद १८८७ पासून सुरू होते. ती वाचताना वाचक जिथे जिथे अडतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, किचकट नंतर. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे ना?

नव्हे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ खेळतात तो फुटबॉल तूर्तास डोक्यातून काढून टाका. इथे चेंडू लांबट असतो, हातात धरून पळतात आणि हातानेच फेकतात. अकरा जणांचा संघ, दहा यार्ड पुढे जायला चार संधी. चेंडू समोरच्या टोकापलीकडे नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण. त्यानंतर लाथेने खांबांमधून चेंडू पाठवला तर १ गुण, पुन्हा टोकापलीकडे नेला तर २. खेळता खेळता लाथेने खांबांमधून मारला तर फील्ड गोल, ३ गुण. कॉलेजचे सामने मुख्यतः शनिवारी होतात. हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या शेवटी नेहमीचे सामने संपतात. आता ते साधारण बारा असतात, पूर्वी नऊ-दहा असत.

२. ‘९-०-१’ किंवा ‘१०-२’ हे आकडे कसे वाचायचे? आणि हंगामाचं साल कोणतं धरायचं?

पहिला आकडा विजय, दुसरा पराभव, तिसरा बरोबरी. १९९६ च्या हंगामापासून बरोबरीत सुटलेला सामना जादा वेळ देऊन निकाली काढतात, त्यामुळे त्यानंतर तिसरा आकडा दिसत नाही.

साल नेहमी शरद ऋतूचं. हंगामाचा शेवटचा, निमंत्रणावरून खेळायचा मोठा सामना, ज्याला बाऊल म्हणतात, तो बहुतेक वेळा १ जानेवारीच्या आसपास होतो, पण मोजला जातो आधीच्या वर्षात. म्हणून ‘१९२५ चा रोझ बाऊल’ १९२४ च्या हंगामात सापडेल. निम्मी पत्रं या एका गोंधळातून येतात, तेव्हा हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

३. १८८८ मध्ये नोटर डेमने हार्वर्डला हरवलं असं नोंदीत दिसतं. खरं आहे का?

हरवलं, पण ते हार्वर्ड वेगळं. ती शिकागोतली हार्वर्ड स्कूल नावाची शाळा होती. डिसेंबर १८८८ मध्ये तिच्यावर २०-० असा विजय मिळाला, आणि नोटर डेमचा हा पहिला विजय. मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

त्याआधीची गोष्ट अशी. २३ नोव्हेंबर १८८७ ला मिशिगनचे खेळाडू साउथ बेंडला आले, यजमानांना खेळ समजावून सांगितला आणि मग त्यांनाच ८-० असं हरवलं. टचडाउनला तेव्हा चारच गुण मिळत. म्हणून पहिल्या हंगामाची सगळी नोंद ०-१ एवढीच. पुढे एप्रिल १८८८ मध्ये मिशिगन पुन्हा आलं आणि आणखी दोनदा जिंकून गेलं. १८८९ ला एकच सामना झाला, तो नोटर डेमने जिंकला. १८९० आणि १८९१ च्या ओळी कोऱ्या आहेत, कारण त्या दोन वर्षी संघच नव्हता. पान फाटलेलं नाही.

शिकवणाऱ्याला हरवायला १९०९ उजाडलं. त्या वर्षी मिशिगनवर ११-३ अशी मात केली आणि हंगाम ७-०-१ असा संपवला.

४. फॉरवर्ड पासचा शोध नोटर डेमने लावला ना?

नाही. पुढे चेंडू फेकायला १९०६ पासून परवानगी होती आणि बरेच संघ तो फेकतही होते. नोटर डेमने १ नोव्हेंबर १९१३ ला काय केलं, तर वेस्ट पॉइंटला जाऊन तिथल्या लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाला, म्हणजे आर्मीला, ३५-१३ असं धुतलं, आणि तेही पूर्वेकडच्या पत्रकारांच्या डोळ्यांदेखत. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) गस डोरे फेकत होता आणि नूट रॉकनी झेलत होता. दोघांनी त्या उन्हाळ्यात ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या किनाऱ्यावर नोकरी करता करता याचा सराव केला होता. पळणाऱ्या खेळाडूच्या हातात, धावेचा वेग न मोडता चेंडू पडायला हवा, हा त्यांचा हिशोब. प्रशिक्षक जेसी हार्पर होते, हंगाम ७-०. शोधाचं श्रेय चुकीचं असलं, तरी देशाला या कॉलेजचं नाव कळलं ते त्या दिवशी.

५. रॉकनी एवढे मोठे का मानले जातात?

आकडा सांगतो: प्रशिक्षक म्हणून १९१८ ते १९३० या तेरा हंगामांत १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी. एकही पराभव नाही आणि बरोबरीही नाही असे पाच हंगाम: १९१९, १९२०, १९२४, १९२९ आणि १९३०. पण आकड्यांच्या पोटात शिरलं तर जास्त मजा आहे.

पहिला हंगाम ३-१-२ एवढाच. महायुद्ध चालू होतं, इन्फ्लुएंझाची साथ होती, सामनेच कमी झाले. १९२० च्या अखेरीस संघाचा हिरा जॉर्ज गिप आजारी पडला आणि १४ डिसेंबरला गेला. १९२४ साली आर्मीवरच्या १३-७ विजयाचं वर्णन करताना पत्रकार ग्रँटलँड राइस यांनी स्टुलड्रेहर, क्राउली, मिलर आणि लेडन या चौघांना ‘चार घोडेस्वार’ म्हटलं. संघाच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या एका विद्यार्थ्याने लगेच चौघांना खऱ्या घोड्यांवर बसवून फोटो काढून घेतला. तो फोटो गाजला नसता, तर हे विशेषण आठवड्याभरात विरून गेलं असतं असं मला वाटतं. त्या हंगामाचा शेवट रोझ बाऊलमध्ये स्टॅनफर्डवर २७-१० असा झाला. लेडनने प्रतिस्पर्ध्याचे दोन पास मध्येच पकडून थेट टचडाउनपर्यंत नेले.

१९२८ चा हंगाम मात्र ५-४, रॉकनींचा सगळ्यात पडका. त्याच वर्षी आर्मीविरुद्ध त्यांनी मरणासन्न गिपची शेवटची इच्छा म्हणून ‘त्याच्यासाठी एक सामना जिंका’ हे आवाहन केलं. संघ १२-६ ने जिंकला. गिप खरंच तसं बोलला का, यावर लोक आजही वाद घालतात. अमेरिकेला ते भाषण पाठ आहे आणि हंगाम जेमतेम होता हे कुणाला आठवत नाही.

३१ मार्च १९३१ ला कॅन्ससमध्ये विमान कोसळून रॉकनी गेले. मागचे दोन हंगाम ते अजिंक्य होते.

६. १९२९ च्या नोंदीत साउथ बेंडचा एकही सामना नाही. गाळले गेले का?

काही गाळलेलं नाही. जुनं मैदान पाडून नवं स्टेडियम बांधत होते, त्यामुळे अख्खा हंगाम बाहेरगावी गेला. ‘घरचे’ म्हणवलेले सामने शिकागोच्या सोल्जर फील्डवर झाले. त्यातल्या यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला लाखाहून जास्त माणसं होती आणि निकाल लागला १३-१२. रॉकनी पायाच्या दुखण्यामुळे बराच काळ चाकाच्या खुर्चीत होते. तरीही ९-०. नवं स्टेडियम १९३० मध्ये उघडलं. तेच आजचं नोटर डेम स्टेडियम, अर्थात पुढे वाढवलेलं.

७. राष्ट्रीय विजेतेपदं ११ की त्याहून जास्त?

विद्यापीठ ११ सांगतं: १९२४, १९२९, १९३०, १९४३, १९४६, १९४७, १९४९, १९६६, १९७३, १९७७ आणि १९८८.

खरी अडचण अशी की कॉलेज फुटबॉलमध्ये कित्येक दशकं अंतिम सामनाच नव्हता. रणजीसारखं एखाद्या मैदानावर फैसला होऊन करंडक हातात आला, असं काही नाही. विजेता ठरे तो कुणाच्या तरी मतावरून किंवा गणितावरून. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था, म्हणजे एपी, पत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी लावू लागलं. पुढे यूपीआय या दुसऱ्या वृत्तसंस्थेने प्रशिक्षकांची मतं घ्यायला सुरुवात केली. त्याआधी आणि त्याबरोबरही अनेकांनी आपापली गणितं मांडली. डिकिन्सन नावाच्या अशाच एका पद्धतीने १९३८ च्या ८-१ संघाला पहिला क्रमांक दिला होता, पण विद्यापीठ ते विजेतेपद आपल्या यादीत धरत नाही. १९५३ च्या ९-०-१ संघालाही काहींनी वर ठेवलं, एपीने मेरीलँडला. तेही यादीत नाही. दुसऱ्या काही विद्यापीठांच्या मानाने नोटर डेमने इथे हात आखडता घेतला आहे, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करावं.

८. १९४३ चा शेवटचा सामना हरूनही विजेते कसे?

ग्रेट लेक्स या नौदल तळाच्या संघाने त्यांना शेवटच्या मिनिटात १९-१४ असं हरवलं, आणि तरीही एपीच्या मतदारांनी ९-१ च्या नोटर डेमला पहिलं ठेवलं. युद्धाच्या काळात लष्करी तळांचे संघही कॉलेजांबरोबर खेळत, आणि त्यांत भरती झालेले चांगले चांगले खेळाडू असत. आयोवा प्री-फ्लाइट हा तसाच दुसरा तगडा संघ, त्याला नोटर डेमने १४-१३ असं निसटतं हरवलं होतं. एवढं कठीण वेळापत्रक निभावल्याचं वजन पडलं. क्वार्टरबॅक अँजेलो बर्टेली सहा सामने खेळून मरीन दलात गेला, आणि तेवढ्या सहा सामन्यांवर त्याने हाइझमन करंडक मिळवला. हा करंडक म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान. त्याच्या जागी जॉनी लुजॅक आला.

प्रशिक्षक फ्रँक लेहीही नंतर नौदलात गेले. त्यांच्या पश्चात १९४४ ला आर्मीने ५९-० आणि १९४५ ला ४८-० असं हरवलं. हे दोन निकाल छापण्यातली चूक नाहीत.

९. लेहींचा संघ चार वर्षं हरलाच नाही म्हणतात. मग १९४७ चं विजेतेपद मिशिगनवाले आपलं कसं सांगतात?

पहिलं विधान खरं आहे. १९४६ ते १९४९ या चार हंगामांत पराभव शून्य, बरोबरी फक्त दोन. १९४६ मध्ये आर्मीशी ०-० आणि १९४८ मध्ये यूएससीशी १४-१४. १९५० चा पहिला सामना धरून ३९ सामन्यांची ही अपराजित मालिका पर्ड्यूने २८-१४ अशी तोडली, आणि तो हंगाम ४-४-१ असा कोसळला.

१९४७ ला नोटर डेम ९-० होतं आणि एपीच्या शेवटच्या यादीत पहिलं. पण ती यादी बाऊल सामन्यांआधी निघाली. मिशिगनने त्यानंतर रोझ बाऊलमध्ये यूएससीला ४९-० असं लोळवलं. लोकांनी ओरड केली, म्हणून एपीने पुन्हा मत घेतलं आणि त्यात मिशिगन वर आलं. मात्र हे दुसरं मतदान अधिकृत नाही असं त्यांनी सांगून टाकलं. त्यामुळे दोघांच्याही भिंतीवर १९४७ लिहिलेलं आहे. दोघांनाही खोटं ठरवता येत नाही.

१०. २-८ अशा संघातल्या खेळाडूला हाइझमन? काहीतरी चुकतंय.

चुकत नाही. १९५६ ला नोटर डेम आठ सामने हरलं आणि हाइझमन त्यांच्याच पॉल हॉर्नंगला मिळाला. हरणाऱ्या संघातला तो आजवरचा एकमेव विजेता. हॉर्नंग चेंडू फेकायचा, घेऊन पळायचा, लाथ मारायचा, बचावातही उभा राहायचा. बाकीचा संघ मात्र उभा राहिला नाही. नोटर डेमच्या सात हाइझमन विजेत्यांपैकी दुसरं कुणी एवढ्या वाईट हंगामातलं नाही. बाकीचे सहा: बर्टेली १९४३, लुजॅक १९४७, लिऑन हार्ट १९४९, जॉनी लॅटनर १९५३, जॉन हुआर्ट १९६४ आणि टिम ब्राउन १९८७.

११. ओक्लाहोमाच्या सलग ४७ विजयांची मालिका नोटर डेमनेच मोडली का?

हो, १६ नोव्हेंबर १९५७ ला, ओक्लाहोमाच्याच नॉर्मन गावात, ७-० अशी. एकुलता टचडाउन डिक लिंचचा, चौथ्या सत्रात. गंमत पाहा. ती मालिका सुरू होण्याआधी ओक्लाहोमा शेवटचं हरलं होतं तेही नोटर डेमकडूनच, १९५३ च्या पहिल्या सामन्यात. आणि मधल्या १९५६ ला त्यांनी साउथ बेंडला येऊन ४०-० असा वचपा काढला होता.

१२. १९६३ ला नऊच सामने का?

दहावा आयोवाविरुद्ध २३ नोव्हेंबरला होता. आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली आणि सामना रद्द झाला, पुन्हा खेळवला गेला नाही. हंगाम २-७.

१३. १९६६: बरोबरी मुद्दाम केली का?

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नावर येतात, आणि भांडणाच्या सुरात.

१९ नोव्हेंबर १९६६, ईस्ट लान्सिंग. पहिल्या क्रमांकाचं नोटर डेम विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचं मिशिगन स्टेट, दोघंही अपराजित. नोटर डेमचा धावपटू निक एडी गावी पोचल्यावर आगगाडीतून उतरताना घसरला आणि खांदा दुखावून बसला. क्वार्टरबॅक टेरी हॅनरॅटी पहिल्याच सत्रात मिशिगन स्टेटच्या बबा स्मिथखाली चिरडला गेला. त्याच्या जागी आलेला कोली ओब्रायन मधुमेही. मिशिगन स्टेटने १०-० आघाडी घेतली, ओब्रायनने ती भरून काढली, १०-१०. शेवटचं मिनिटभर उरलं होतं, चेंडू नोटर डेमकडे होता, पण त्यांच्याच अर्ध्या भागात. प्रशिक्षक एरा पार्सेगियन यांनी लांब पास फेकायचा धोका न पत्करता चेंडू जमिनीवरूनच रेटत वेळ संपवली. समोरचे खेळाडू तोंडावर चिडवत होते, प्रेक्षक हुर्यो उडवत होते.

आता हिशोब बघा. मिशिगन स्टेटचा हंगाम त्या दिवशी संपला. त्यांच्या परिषदेच्या, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, नियमामुळे सलग दुसऱ्या वर्षी रोझ बाऊलला जाता येत नव्हतं. नोटर डेमचा मात्र एक सामना बाकी होता. पुढच्या शनिवारी त्यांनी यूएससीला ५१-० असं उडवलं आणि एपी, यूपीआय दोन्हींनी त्यांना विजेता ठरवलं. म्हणजे पार्सेगियन यांचं गणित बिनचूक निघालं. विजेता मतांवर ठरणार असेल, तर प्रशिक्षक मतांचाच विचार करणार. दोष द्यायचा तर पद्धतीला द्यावा. पण ते गणित करताना खेळ बाजूला राहिला, हेही मला मान्य आहे. याला उत्तर प्रश्न १६ मध्ये मायामीने दिलंय.

१४. १९२५ नंतर चव्वेचाळीस वर्षं एकही बाऊल नाही. बोलावलंच नाही का?

बोलावणी यायची, विद्यापीठच नाही म्हणायचं. डिसेंबर-जानेवारीतला तो लांबचा प्रवास अभ्यासाच्या आणि परीक्षांच्या आड येतो, ही अधिकृत भूमिका. त्यामुळे लेहींच्या अपराजित संघांनीही बाऊल खेळलेला नाही. १९६९ च्या हंगामाअखेर धोरण बदललं, आणि बाऊलमधून येणारा पैसा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे वळवायचं ठरलं. १ जानेवारी १९७० ला कॉटन बाऊलमध्ये टेक्सासने त्यांना २१-१७ असं हरवलं. म्हणून १९६९ ची नोंद ८-२-१ अशी दिसते.

१५. १९७३ ला अलाबामा विजेता की नोटर डेम? आणि १९७७ ला पाचव्यावरून पहिलं कसं?

१९७३ ला यूपीआयने बाऊलची वाट न बघता अलाबामाला विजेता करून टाकलं. मग ३१ डिसेंबरला शुगर बाऊलमध्ये नोटर डेमने त्याच अलाबामाला २४-२३ असं हरवलं. शेवटी आपल्याच गोललाइनला पाठ टेकलेली असताना टॉम क्लेमेंट्सने रॉबिन वेबरकडे पास फेकला आणि चेंडू हातातून जाऊ दिला नाही. एपीने ११-० च्या नोटर डेमला पहिलं ठेवलं. पुढच्याच वर्षापासून यूपीआय बाऊलनंतर यादी काढू लागलं.

१९७७ ला डॅन डिव्हाइन यांचा संघ हंगामाच्या सुरुवातीलाच मिसिसिपीकडून २०-१३ असा हरला होता. शेवटी कॉटन बाऊलमध्ये पहिल्या क्रमांकाच्या अपराजित टेक्सासला ३८-१० असं हरवलं. वरच्या संघांपैकी इतरही पडल्यामुळे मतदारांनी त्यांना एकदम पहिलं केलं. तिसऱ्या क्रमांकाचं अलाबामा आपला बाऊल जिंकूनही दुसरंच राहिलं. तिथले लोक हे विसरलेले नाहीत.

१६. १९८८ नंतर विजेतेपद नाही. १९९३ ला हुकलं ते कसं?

लू होल्ट्झ यांचा १९८८ चा संघ १२-०. कळीचा सामना १५ ऑक्टोबरला साउथ बेंडला, मायामीविरुद्ध. मायामी हंगामातले नेहमीचे सलग ३६ सामने जिंकून आलेलं. अखेरच्या मिनिटात त्यांनी टचडाउन केला, ३१-३०. लाथ मारून बरोबरी हातात होती. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी दोन गुणांसाठी पास फेकायला लावला, पॅट टेरेलने तो हाताने खाली पाडला. १९६६ च्या उलट निर्णय, आणि त्याची किंमत मायामीने मोजली. नोटर डेमने पुढे फिएस्टा बाऊलमध्ये वेस्ट व्हर्जिनियाला ३४-२१ असं हरवलं.

१९९३ ला १३ नोव्हेंबरला त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या फ्लोरिडा स्टेटला ३१-२४ असं हरवलं. बरोबर आठवड्याने बॉस्टन कॉलेजच्या डेव्हिड गॉर्डनने शेवटच्या क्षणी ४१ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि सामना ४१-३९ असा गेला. हंगामाअखेर दोन्ही संघांचा एकेक पराभव, आणि आमनेसामने नोटर डेम जिंकलेलं. तरी मतदारांनी फ्लोरिडा स्टेटला विजेता केलं. हा मुद्दा प्रश्न २१ मध्ये उलटा होऊन येतो.

१७. प्रशिक्षकांच्या यादीतले आकडे हंगामाच्या आकड्यांशी जुळत नाहीत. का?

कारण हंगाम एकाचा आणि बाऊल दुसऱ्याचा असं कधी कधी होतं. २०२१ चा संघ ११-२. त्यातले ११-१ ब्रायन केलींचे. ते लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे (एलएसयू) गेले, आणि ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध ३५-३७ असा गेलेला फिएस्टा बाऊल मार्कस फ्रीमन यांच्या नावावर पडला. उलट जॉर्ज ओलिअरी यांचं नाव शोधून सापडणार नाही. डिसेंबर २००१ मध्ये नेमणूक झाली, परिचयपत्रातली माहिती खोटी निघाली आणि पाच दिवसांत राजीनामा. एकही सामना नाही.

१८. २०१२ ला संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. मग काही ठिकाणी ०-१ का लिहिलंय?

मैदानावर २०१२ चा हंगाम १२-१ होता. एकमेव पराभव अलाबामाकडून, विजेतेपदाच्या सामन्यात, ४२-१४. २०१३ चा ९-४. नंतर असं उघड झालं की संघाबरोबर काम करणाऱ्या एका विद्यार्थी सहायकाने काही खेळाडूंचा अभ्यास करून दिला होता. खेळाचं नियमन करणाऱ्या एनसीएए संस्थेने २०१६ मध्ये दोन्ही हंगामांचे मिळून २१ विजय रद्द केले. विद्यापीठाचं अपील २०१८ मध्ये फेटाळलं गेलं.

रद्द होतात ते फक्त विजय. पराभव तसेच राहतात, आणि समोरच्या संघाला विजय बहाल होत नाही. म्हणून अधिकृत नोंद २०१२ ला ०-१ आणि २०१३ ला ०-४. जिंकलेले सामने कोणी हरलेलं नाही, ते फक्त मोजायचे नाहीत. ही शिक्षा मला कायम विचित्र वाटत आली आहे. स्टेडियममध्ये बसून ज्यांनी ते सामने पाहिले, त्यांच्या हातात तिकिटं आहेत.

याच कारणाने ‘सर्वाधिक विजय कुणाचे’ याची दोन उत्तरं मिळतात. सगळे धरले तर केलींनी सप्टेंबर २०२१ मध्ये सोल्जर फील्डवर विस्कॉन्सिनला हरवून रॉकनींचे १०५ ओलांडले आणि शेवटी ११३ वर थांबले. रद्द झालेले वजा केले तर ते ९२ वर राहतात आणि रॉकनी पुढे. कुठलाही आकडा लिहा, पण तळाशी खूण करा.

१९. २०२० ला नोटर डेम परिषदेत दिसतं, बाकी कधीच नाही. असं का?

बहुतेक कॉलेजं परिषदा करून खेळतात. नोटर डेमचा फुटबॉल संघ स्वतंत्र राहतो, कारण देशभर चाहते आहेत आणि १९९१ पासून घरच्या सामन्यांसाठी एनबीसी वाहिनीशी स्वतःचा करार आहे. कोविडमध्ये बाकीच्या परिषदांनी बाहेरचे सामने बंद केले, तेव्हा एका वर्षापुरते ते एसीसी परिषदेत खेळले. क्लेम्सनला दोन जादा डावांत ४७-४० असं हरवलं, परिषदेच्या अंतिम सामन्यात त्यांच्याकडूनच ३४-१० असे हरले. त्या वर्षीचा रोझ बाऊल कॅलिफोर्नियाऐवजी टेक्सासमध्ये झाला, आणि तिथे अलाबामाने ३१-१४ असं हरवलं. एकूण १०-२.

२०. नेव्हीशी, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाशी, दर वर्षी का खेळतात? सामना तर बहुधा एकतर्फी असतो.

दुसऱ्या महायुद्धात मुलं लढायला गेली आणि विद्यापीठाची तिजोरी रिकामी व्हायला लागली. नौदलाने आपलं प्रशिक्षण केंद्र तिथे आणलं, त्या पैशावर विद्यापीठ तगलं. त्या उपकाराची जाणीव म्हणून नेव्हीला हवा तितकी वर्षं हा सामना ठेवायचा, अशी रीत. १९२७ पासूनची साखळी फक्त २०२० मध्ये तुटली. १९६४ ते २००६ नोटर डेम सलग ४३ वेळा जिंकलं. २००७ ला तीन जादा डावांनंतर नेव्हीने ४६-४४ अशी मालिका संपवली. तो हंगामही तसाच, ३-९.

२१. २०२४ आणि २०२५ मध्ये नेमकं काय झालं?

२०२४ पासून विजेता ठरवायला बारा संघांची बाद फेरी आली. त्या वर्षी दुसऱ्याच सामन्यात नोटर डेम नॉर्दर्न इलिनॉयकडून घरच्या मैदानावर १६-१४ असं हरलं, आणि सगळ्यांनी हंगामावर पाणी सोडलं. त्यानंतर सलग तेरा विजय. बाद फेरीत इंडियाना २७-१७, जॉर्जिया २३-१०, पेन स्टेट २७-२४. अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने ३४-२३ असं हरवलं. १४-२.

२०२५ ला पहिले दोन सामने गेले, मायामीकडून २४-२७ आणि टेक्सास ए अँड एमकडून ४०-४१. मग सलग दहा विजय, १०-२. निवड समितीने बाद फेरीत त्यांच्याऐवजी तितकेच पराभव असलेल्या मायामीला घेतलं, कारण आमनेसामने मायामी जिंकलेलं. १९९३ ला हाच युक्तिवाद नोटर डेमच्या बाजूने होता, तेव्हा मतदारांनी तो ऐकला नव्हता. चिडलेल्या संघाने दुसऱ्या कुठल्याही बाऊलला नकार दिला. त्यामुळे २०२५ च्या ओळीत बाऊलचा रकाना रिकामा आहे. २००९ चाही रिकामा आहे, तिथेही ६-६ वर थांबून नकारच दिला होता.

२२. भारतातून सामना बघायचा तर किती वाजता?

घरचे सामने बरेचदा तिथल्या दुपारी साडेतीनला किंवा संध्याकाळी साडेसातला सुरू होतात. दुपारचा म्हणजे आपल्याकडे शनिवार उलटून रात्रीचा एक, संध्याकाळचा म्हणजे रविवारी पहाटे पाच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथली घड्याळं मागे जातात, त्यानंतर दोन्हीत एक तास मिळवा. सामना साडेतीन तास चालतो, चहाची सोय आधी करून ठेवा.